पांढरी राहिलेली भिंत

तुमच्या घरच्या लग्नात दाराशेजारच्या भिंतीवर हत्ती, घोडेस्वार आणि चोपदार कोणी काढले होते, त्या माणसाचं नाव तुम्हाला सांगता येईल का? मांडव कोणी घातला ते आठवेल. वाजंत्री कुठून आणली ते आठवेल. पंगतीत कोण रुसून उठलं हे तर नातवंडांनाही पाठ असेल. पण भिंत रंगवणारा... तो सकाळी आला, काम झाल्यावर हात धुऊन चार घास जेवला आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेला. कर्जत-खालापुराकडच्या पुष्कळ घरांपुरतं उत्तर मी देऊ शकतो. त्या माणसाचं नाव दामू राघो, राहणार पोशीर. ते माझे काका. गेल्या मार्गशीर्षात ते हिवतापाने वारले. आजवर मी जे जे लिहिलं ते दुसऱ्यांच्या अपराधांबद्दल लिहिलं. हा लेख माझ्या अपराधाबद्दल आहे.

बातमी मला मुंबईत, छापखान्यात समजली. नेरळहून गवताचे भारे घेऊन आलेला आमच्या गावचा सदू दारात उभा राहिला आणि म्हणाला, "शंकर, तुझा दामूकाका गेला रं. परवाच. निरोप धाडला व्हता, पोचला नाय वाटतं." माझ्या हातात तपासायची मुद्रितं होती. ती मी खाली ठेवली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही. मनात पहिला विचार आला तो असा, की सुटलो, आता ते सांगायला नको. हा विचार जेमतेम एका श्वासापुरता टिकला असेल. पण तो आला होता, आणि तो ज्या माणसाबद्दल आला त्याने मला सातव्या वर्षापासून वाढवलं होतं.

माझे वडील गेले तेव्हा काकांनी आईला आणि मला आपल्या घरी आणलं. "आणलं" हा शब्दही त्यांना आवडला नसता. कोणी विचारलं तर ते म्हणत, "आमी आधी चार व्हतो, आता सहा हाव." काका, काकी आणि दोन मुली, त्यात आम्ही दोघं; तिसरी मुलगी, ठकू, नंतर झाली. भाताची शेती होती. पेरणीपासून झोडणीपर्यंत ते शेतकरी, आणि झोडणी आटोपली की वैशाख सरेपर्यंत लग्नाच्या भिंती रंगवणारे. पण भिंत कितीही लांबच्या गावची असो, ते मुक्कामाला राहत नसत. चौकला काम असलं तरी संध्याकाळच्या जेवणाला घरी. मुलींच्या वेण्या ते स्वतः घालत. ठकूच्या वेळी काकीचे दिवस भरत आले तेव्हा विहिरीवरून पाण्याचे हंडे ते आणत. विहिरीवरच्या बाया मोठ्याने विचारत, "काय गं दामूबाय, कितवा म्हैना?" काका डोक्यावरचा हंडा सावरत म्हणत, "माजं टळलं या खेपंला. पन कमळी, तुजा नवरा फुगलाय, त्याला इचार." बाया पोट धरून हसत. मला मात्र तेव्हासुद्धा लाज वाटायची. पुरुषाने असं वागू नये असं मला वाटे. लाज चुकीच्या ठिकाणी वाटण्याची माझी ही सवय जुनी आहे.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. भिंतीला हात लावण्याआधी ते नवऱ्या मुलीला बाजूला बसवून विचारत, "बाय, तुजं हितं काय मागं ऱ्हायाचं हाय?" ती जे सांगेल ते भिंतीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काढायचं, हत्ती-घोड्यांच्या पायांशी, लहानसं. कोणी फणसाचं झाड सांगे, कोणी धाकटा भाऊ, कोणी कौलावर बसणारं मांजर. मुलगी सासरी गेली तरी तिची वस्तू भिंतीवर राही, आणि माहेरपणाला आली की ती आधी तो कोपरा बघे. चौकच्या एका मुलीने लंगडं बोकड सांगितलं. काकांनी ते लंगडंच काढलं. वराकडचा एक मिशीवाला पाहुणा म्हणाला, "मिस्त्री, आमच्या वरातीत हे काय घुसवलंत?" काका ब्रश न थांबवता म्हणाले, "तुमच्याच हत्तींच्या मागनं निघालंय पाव्हनं. लंगडं हाय, उशीर झाला त्येला." ते बोकड मी लहानपणी पाहिलं आहे. त्याच्या डोळ्यांत खरोखरच घाई होती.

आता रंगांबद्दल सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. काका तरुण असताना बाजारात जर्मन रंगांची पूड मिळे. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्या, वर परक्या लिपीतली अक्षरं आणि मुकुट घातलेल्या बाईचं चित्र. मग महायुद्ध सुरू झालं आणि ती पूड यायची बंद झाली. दुसरा कोणी असता तर त्याने धंदा सोडला असता. काका डोंगरातल्या ठाकरवाडीवर गेले. तिथल्या एका म्हातारीने त्यांना ओढ्याकाठची पिवळी माती दाखवली, तांबडी दाखवली, कुठल्या झाडाचा डिंक घातला म्हणजे रंग भिंतीला धरतो ते दाखवलं. तेव्हापासून काकांनी विकतचा रंग घेतला नाही. माती आणायची, कुटायची, सात पाणी धुवायची, फडक्यातून गाळायची, वाळवायची. सगळं घर त्या कामाला लागे. मीही लागलो असेन, पण मी तेव्हा नेरळच्या शाळेत आणि नंतर कर्जतला शिकायला, माझं लक्ष पुस्तकांत. तयार रंग काका त्याच जुन्या जर्मन डब्यांत भरून ठेवत. का? तर त्यांची झाकणं घट्ट होती, दमट हवा आत जात नसे. एवढंच कारण होतं. मी मात्र डब्यांवरची अक्षरं तेवढी पाहिली होती.

मी पत्रकं वाचून वाढलो. गावात एक पत्रक आलं की मी ते पारावर मोठ्याने वाचून दाखवी, मग पाठ करी, मग तसंच लिहून बघी. अठराव्या वर्षी माझं स्वतःचं पत्रक छापून आलं. परदेशी मालावर बहिष्कार हा माझा धर्म होता, आणि आजही आहे. त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तीन वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही मित्रांनी पोशीरला मारुतीच्या देवळापुढे परदेशी मालाची होळी ठरवली. घरोघर फिरून कापड, टोप्या, आरसे, जे परदेशी ते गोळा केलं. कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्यांची घरं धुंडाळतोस, तुझ्या घरात काय आहे?" हे मला झोंबलं. काका त्या दिवशी धाकट्या ठकूच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला खालापूरला गेले होते. मी माळ्यावर चढलो आणि डब्या खाली काढल्या. सगळ्या. ठकू दारात आडवी आली. "दादा, त्या बाबांच्या हायेत. उघडून तरी बघ रं!" मी म्हणालो, "विषाची डबी उघडून बघत नाहीत." मागे उभ्या असलेल्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मला ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात मी तेच मथळ्याला घातलं. 'विषाची डबी' या नावाचं पत्रक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यात लिहिलं होतं, की आमच्याच घरात एक माणूस परदेशी रंगाने गावोगावच्या मंगलकार्याच्या भिंती बाटवत होता, आणि मी रक्ताचं नातं न पाहता त्याचा रंग जाळला.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी ठकू मला हाताला धरून देवळापुढे घेऊन गेली. राखेत डब्या फुटून पडल्या होत्या. तिने त्यांतलं मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तांबड्या विटेसारखं काहीतरी होतं. "ही पिवळी व्हती," ती म्हणाली. "भाजली म्हनून लाल झाली. इलायती पूड असती तर जळून गेली असती ना रं? माती जळत नाय, दादा." तिने वर पाणी ओतलं. माझ्या बोटांतून चिखल गळाला. आपल्या ओढ्याचा, आपल्या डोंगराचा चिखल... मी ज्या स्वदेशीसाठी घसा कोरडा केला, ती माझ्या घरात पंधरा-सोळा वर्षं कोणी न सांगता, कसला गाजावाजा न करता चालू होती. आणि मी ती जाळली होती.

पत्रक तोवर वाटून झालं होतं. मी काकांसमोर गेलो. क्षमा मागायला नव्हे. ते काय करणार आहेत हे बघायला. ते ओटीवर काथ्या वळत बसले होते. मी म्हणालो, "लग्नाला आठ दिवस आहेत. भिंत?" त्यांनी हातातला काथ्या पुरा वळला. मग म्हणाले, "रंगवली तर लोक इचारतील, दामू, रंग कुठला? खरं सांगितलं तर तू चार गावांत खोटा पडशील. खोटं मला सांगता येत नाय. त्यापरीस भिंत पांढरीच ऱ्हाऊ दे." आतून काकी म्हणाली, "सगळ्या तालुक्याच्या पोरींना रंगवल्यात भिंती, नि आपल्याच पोरीला..." काका म्हणाले, "हा बी आपलाच पोर हाय ना गं."

हे वाक्य ऐकून मी ओटी उतरलो. अजूनही वेळ होता. देवळापुढे उभं राहून चार शब्द बोलायचे होते, बस्स. लोकांसमोर गर्जना करणाऱ्या माझ्या तोंडातून ते चार शब्द निघाले नाहीत. ठकूने कोपऱ्यासाठी काय सांगितलं होतं हे मला माहीत होतं. महिनाभर आधी काकांनी हसत तिलाही नेहमीचा प्रश्न विचारला होता, आणि ती म्हणाली होती, "मला तुमी पायजे कोपऱ्यात. डोक्यावर हंडा घेतलेले." लग्नाच्या दिवशी भिंतीला नुसता चुना होता. निघताना ठकू वाकली आणि त्या रिकाम्या डाव्या कोपऱ्याला हात लावून नमस्कार केला. काका मांडवाच्या खांबाची दोरी पुन्हा पुन्हा घट्ट करत होते. ती आधीच घट्ट होती.

आणि मी? पाहुण्यांपैकी कोणी म्हणालं, "वा, साधी भिंत! याला म्हणतात स्वदेशी लग्न!" तेव्हा मी मांडवात उभा राहून भाषण केलं. पुढे पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, काही दुरुस्ती? मी म्हणालो, आहे. आणि एक ओळ वाढवली: 'त्या गृहस्थाने आपल्या कन्येच्या विवाहात भिंत शुभ्र ठेवून प्रायश्चित्त घेतले.' चूक अज्ञानाने झाली असं कोणी म्हणेल. ही ओळ अज्ञानाने लिहिलेली नाही. लिहिताना मला सगळं माहीत होतं.

त्यानंतर काकांना कोणी भिंतीला बोलावलं नाही. बोलावणारं घर बाटलं असतं ना! ते शेती करत राहिले. घरात माजघराच्या भिंतीवर ठाकरवाडीच्या मातीने नातवंडांची चित्रं काढत राहिले, जिथे बाहेरच्या कोणाची नजर जात नाही तिथे. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी मला नेरळच्या स्टेशनावर पोचवलं तेव्हा मी एकदाच म्हणालो, "काका, ते पत्रक..." त्यांनी माझ्या खांद्यावरचं गाठोडं नीट केलं आणि म्हणाले, "गाडी आली रं. चढ." मला ऐकायचं नव्हतं आणि त्यांना मला ऐकवायचं नव्हतं. गाडी मात्र चांगली पाच मिनिटं उभी होती.

तेराव्याला मी माजघरात बसलो होतो. भिंतीवर घरातली सगळी माणसं आहेत: काकी चुलीपाशी, आई जात्यावर, तिन्ही लेकी, नातवंडं. मीही आहे. पारावर उभा राहून कागद वाचतो आहे, तोंड उघडं, एक हात वर. चेहऱ्यावर कुठे चेष्टा नाही, कुठे राग नाही. माझ्यापुढे ऐकणारी माणसं काढली आहेत आणि त्यांत पायांशी हंडा ठेवलेला एक जण मान थोडी वाकडी करून, कौतुकाने ऐकतो आहे. काकीने सांगितलं, हे चित्र त्या लग्नानंतरच्या वर्षीचं आहे.

मी छापखान्यात काम करतो, तेव्हा खुलासा छापणं मला सोपं आहे. पण माझं पत्रक तुम्ही फक्त वाचलं नव्हतं, ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं. पारावर, बाजारात, पाणवठ्यावर. काकीला अक्षरओळख नाही. तिने नवऱ्याची बदनामी कानांनी ऐकली. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पोशीरला, चौकला, खालापूरच्या बाजारात, जिथे जिथे तुम्ही 'विषाची डबी' वाचलीत, तिथेच उभे राहून हा लेखही वाचा. तितक्याच मोठ्या आवाजात वाचा. सगळा वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा: दामू राघोचे रंग आपल्या डोंगरातल्या मातीचे होते, त्याने कसलंही प्रायश्चित्त घेतलं नाही, कारण त्याचा काही गुन्हाच नव्हता, आणि हे त्याच्या पुतण्याला होळीनंतरच्या तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.