सुंभात गुंडाळलेली खुर्ची

गुडघा बदलल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याला एकच गोष्ट बजावली: जमिनीवर बसायचं नाही. ते घरी आले आणि यंदापासून तळाला जायचं नाही, असं ठरवून मोकळे झाले.

तळ म्हणजे त्यांच्या मित्रमंडळींचा जुना नाद. दर हिवाळ्यात खडकवासल्याच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतावर दोन दिवस मुक्काम करायचा, तोही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फौजेसारखा. नायलॉनच्या तंबूवर मांजरपाट चढवून त्याची राहुटी करायची, थर्मासला कातड्याची पिशवी शिवायची, झोपायला घोंगडी. पहिल्या संध्याकाळी पोतं फिरतं. आजच्या काळातलं जे डोळ्यांना दिसेल ते त्यात जमा, आणि निघताना परत. ही प्रथा यांनीच पाडलेली. एकदा त्यांनी माझ्या सख्ख्या भावाची प्लास्टिकची बाटली भर पंगतीत काढून घेतली. भाऊ दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही.

अशा माणसाने तिथे घडीची अ‍ॅल्युमिनियमची खुर्ची कशी न्यायची?

"आणि सगळे खाली, मी वर? दरबार भरवायला चाललोय का मी?" असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. पुण्यात एवढी माणसं, पण यांची माणसं तीच.

वाद घालून त्यांच्याशी जिंकता येत नाही. मी तशी एक खुर्ची विकत आणली आणि धायरीतल्या आमच्या बाल्कनीत तीन आठवडे तिच्याशी झटले. पायांना सुंभ गुंडाळताना बोटं सोलवटली. बैठकीवर चढवायचा मांजरपाट चहाच्या पाण्यात उकळला, तर पहिल्या खेपेला तो जुना दिसण्याऐवजी नुसता कळकट दिसला. पुन्हा उकळला. मग पायांना तांब्याच्या टोप्या हव्यात म्हणून खुर्ची घेऊन कसबा पेठेत गेले. तिथल्या एका वयस्कर तांबट कारागिरांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"बाई, लोक जुनं नवं करायला आणतात. तुमचं उलटंच. बसणार कोण?"

"आमचे यजमान. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग टोप्या रुंद ठोकतो. मातीत रुतायला नको," ते म्हणाले आणि कामाला लागले.

"नुसतं बघून येऊ," असं सांगून मी यांना गाडीत घातलं. तळावर पोचल्यावर ते राहुटीपाशी काठी टेकून उभेच राहिले. खुर्ची शेजारी रिकामी.

संध्याकाळी पोतं आलं. गटाची हल्लीची प्रमुख आयटीत नोकरी करणारी, पस्तिशीची. तिने खुर्ची निरखली, सुंभावरून हात फिरवला आणि पुढे निघाली.

"थांब," हे म्हणाले. "आत अ‍ॅल्युमिनियम आहे. घे जमा करून."

"काका, मला तर कुठे दिसत नाही."

"मला माहीत आहे ना."

तीन आठवडे डोळ्यांसमोरून गेले आणि माझा तोल सुटला. "अहो, मग तो गुडघाही काढून द्या! तो तरी कुठे हाडाचा राहिलाय?"

मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलीने मात्र शांतपणे पोत्याचं तोंड उघडून यांच्यापुढे धरलं.

"काका, गुडघा?"

हे पोत्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आधी नुसते खांदे हलले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि हसता हसता मागे हात टेकून खुर्चीत बसले.

पंगत बसली. पिठलं-भाकरीचं ताट त्यांच्या मांडीवर, मी खाली घोंगडीवर त्यांच्या पायाशी. दोन घास झाल्यावर ते वाकून हळूच म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी या खुर्चीचे पाय थोडे कापून घेऊ. फार वर वाटतं."

"बरं," मी म्हटलं.

ऑपरेशन झाल्यापासून सात महिन्यांत त्यांनी कशाच्याच बाबतीत 'पुढच्या वेळी' म्हटलं नव्हतं. मी नुसतीच भाकरीचे तुकडे करत बसले.