सरळ उत्तर

स्टुलावरून पडून माझं मनगट मोडलं, तेव्हा श्रीनिवासने, म्हणजे माझ्या मुलाने, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. कमरजहां. पन्नाशीची. इस्पितळात अपघाताच्या वॉर्डात बावीस वर्षं आया होती. नवरा गेल्यावर त्याच कामावर दोन मुली शिकवल्या. बोलणं थोडं, नजर फौजदाराची. मला पहिल्याच दिवशी तिचा संशय आला.

माझी वेणी घालताना तिचा हात थांबला. "आजी, हे टेंगूळ कसलं? पडताना डोकं आपटलं का?"

"जन्मापासून आहे."

"आणि आंबेहळद? तीही जन्मापासून लावताय?"

आपटलं होतंच. पण हे कळलं असतं, तर श्रीनिवासने मला नारायण पेठेतून उचलून खराडीला त्याच्या घरी, अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं. आईचं एकटं राहणं मोडायला तो निमित्तच शोधत होता. म्हणून मी डॉक्टरांनाही फक्त हात दाखवला.

दुसऱ्या दिवशी तिने माझी गोळ्यांची डबी उघडली. "रक्त पातळ करायची गोळी कधीपासून चालू आहे?" मी सांगितलं नाही. तिने चिठ्ठी शोधून वाचली.

तेव्हापासून रोज दुपारी दोनला, माझा जरा डोळा लागला की ती हलवायची. पुण्यात राहून दुपारी दोनला माणसाला उठवते, म्हणजे बघा.

"आजी, आज वार कोणता?"

"भिंतीवर कॅलेंडर आहे. फुकट आहे, बघा."

"दोन्ही पाय उचला."

"नंतर झेंडावंदन पण आहे का?"

ती हसायची नाही. गॅलरीत जाऊन, दार ओढून, श्रीनिवासला फोन करायची. मी ओळखलं. म्हातारी भ्रमिष्ट झाली, याचा पुरावा गोळा करणं चाललंय. मग मी उत्तरं आणखी तिखट केली.

तीन आठवडे गेले. डोकं जड राहायला लागलं. सांगते कशाला?

एका दुपारी तिने विचारलं, "वार कोणता?"

"गुरुवार असेल हो. तुम्ही म्हणाल तो."

तिने माझं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "पाय उचला." डावा जेमतेम उठला. या वेळी तिने फोन माझ्यासमोरच लावला, स्पीकरवर.

"अहो, पण गुरुवारच आहे ना?" श्रीनिवास म्हणाला. "उत्तर बरोबर आहे."

"बरोबर आहे, पण सरळ आहे. गाडी घेऊन या."

डोक्यात रक्त साचलं होतं. ही गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्यांना मार लागला, की ते असं हळूहळू, आठवड्यांनीही साचतं म्हणे. कवटीला भोक पाडून काढलं.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, आज वार कोणता?"

"का, तुमची सुट्टी कधी ते बघायचंय?"

दारातून कमरजहां म्हणाली, "झाल्या बऱ्या."

श्रीनिवासने लगेच खराडीचा विषय काढला. ती म्हणाली, "तिथे त्या टोमणे कुणाला मारणार? आणि टोमणे नसले तर तब्येत कळायची कशी? पेठेतच राहू द्या. मी येतेच आहे रोज."

तर ती येते. डॉक्टरांनी तपासण्या संपल्याचं सांगून महिना झाला, तरी दोन वाजले की हलवून वार विचारते. माझा संशय अजून गेलेला नाही. त्या बाईला माझी झोपच बघवत नाही.