भाऊंच्या वाट्याचा प्रिंटर

बिनपगारी कामात इतका बुडालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं काम एका बोटाने बुडवणाराही माझ्याशिवाय दुसरा झाला नसेल. हिचे मावसभाऊ धुळ्याला तंत्रनिकेतनात शिकवायचे. नव्वदीच्या मध्यावर आम्ही जळगावहून त्यांच्याकडे गेलो होतो. खोलीत कोणी नाही आणि संगणक आपला घुंघुं करतोय. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायचं आमचं घराण्याचं वळण. मी बटण दाबलं.

भाऊ टॉवेलनिशी धावत आले. "पाव्हणा, हाई काय करं तुम्ही? कालपासून चालू होतं ते!"

'ते' म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेल्या, कोणालाही फुकट मिळणाऱ्या, संगणक चालवायच्या प्रणालीचं काम. मालक नाही, ऑफिस नाही, हजेरीपट नाही. "वर्षभरात गाशा गुंडाळतील," असं मी दर दिवाळीला सांगायचो आणि दर दिवाळीला भाऊ नव्या आवृत्तीच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवायचे. "एक दमला की दुसरा म्हणतो, मी घेतो. एवढ्यावर चालतं, पाव्हणा." वांगी आणायला गेले, तर पिशवीवर प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहून वांग्यांशिवाय परत यायचे.

या खेपेला दमला होता एक परदेशी गृहस्थ. जुळी झाली म्हणून त्याने टरटरणाऱ्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला चालवणारा भाग सोडला. नव्या आवृत्तीपर्यंत तो दुरुस्त झाला नाही, तर कायमचा वगळायचं ठरलं. भाऊंच्या वर्गात तोच एकुलता एक प्रिंटर. भाऊंनी कळवलं, मी घेतो. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि चाचणीला लागायचे दोन दिवस. त्यातला झालेला दिवस मी बटणात घातला होता.

भाऊ रागावले नाहीत. त्यामुळे मला जास्त मेल्यासारखं झालं. चाचणी पुन्हा लावून, मुदत वाढवून मागायला त्यांनी एसटीडी बूथवरून पुण्याच्या मित्राला गाठलं. ईमेल त्याच्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला. भाऊ परतले ते उंबऱ्यातच थांबले.

"रविवारपर्यंत थांबतात म्हने बठ्ठा." बठ्ठा म्हणजे सगळे; जगभरची नवी आवृत्ती भाऊंसाठी अडली होती.

शनिवारी ते फ्लॉपी स्टीलच्या डब्यात घालून एसटीने स्वतः पुण्याला गेले. प्रिंटर नव्या आवृत्तीत राहिला.

जळगावला परतताना मी पुन्हा तोंड उघडलं, "तोंडओळख नसलेली माणसं, आणि भाऊंसाठी अख्खं काम थांबवतात!"

हिने एसटीची खिडकी लावली. मग म्हणाली, "आपल्याकडे भाऊंसाठी कधी पंगतसुद्धा थांबली नाही हो."