कावळा उडाला तर उडू दे

आज सासूबाईंच्या पिंडापाशी आलेला कावळा मी उडवून लावला.

हो, मीच. नातेवाईक सांगतायत ते खरं आहे.

आई दर रविवारी सकाळी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीवरच्या, पुलावर उभ्या राहायच्या. गळ्यात शिट्टी. कोणी गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी नदीत टाकायला हात उचलला, की फुर्रर्र!

एकदा एक जण म्हणाला, "मावशी, देवाचं आहे हो, कचरा नाहीये."

"मग कॅरीबॅगसकट का फेकतोस रे देवाच्या अंगावर? आण इकडे!"

ती फुलं आमच्या जास्वंदीला खत म्हणून जायची.

मी म्हणायचे, "आई, लोक बघतात."

"बघू देत. म्हणूनच तर वाजवते."

आज त्यांचा दहावा. घाटावर पिंड मांडला, कावळा काही येईना. आईंचे नांदगावचे भाऊ, आमचे मामा, हात जोडून विनवत होते, "ताई, काय इच्छा राहिली आसंल ती पुरी करू. घे गं बाई."

आला एकदाचा. दोन उड्या मारत पिंडाजवळ गेला. सगळे दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात आमच्याच एका चुलत दिरांनी आईंच्या फोटोचा हार कॅरीबॅगमध्ये कोंबला, गाठ मारली, भक्तिभावाने कपाळाला लावली आणि नदीकडे हात उगारला.

आईंच्या दहाव्याला! कमाल आहे की नाही?

आईंची शिट्टी माझ्या पर्समध्ये होती. जीव खाऊन वाजवली.

पिशवी पाण्यात गेली. कावळा झाडावर गेला.

"सूनबाई, काय केलं हे! ताईचा जीव अडकला ना!" मामा रडायलाच लागले.

मलाही रडू फुटलं. पण पदर खोचला, पायऱ्या उतरले आणि गुडघाभर पाण्यातून ती पिशवी काढून आणली.

पिंडासमोर उभी राहून मोठ्यांदा म्हणाले, "आई, आता दर रविवारी पुलावर मी."

कावळा शिवला का, म्हणून दुपारपासून फोन येतायत.

मला माहीत नाही. मी थांबलेच नाही. घरी येऊन हार सोडवला, फुलं जास्वंदीच्या मुळाशी घातली. शिवला असेल तर बरंच आहे. नसेल तर नसो.

कमेंटमध्ये श्रद्धांजली लिहून मोकळे होऊ नका. पुलावर आलात की हात आवरा. शिट्टी आता माझ्या गळ्यात आहे.

आई, तुम्ही निवांत निघा.

पूल मी बघते.