चुलीपुढची बोटं

कौशल्याबाईंनी तानुबाईचा डावा हात खिडकीच्या उजेडात ओढून घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं, की दिवाळीनंतर हा हात आपण आज पहिल्यांदा धरतो आहोत.

हात गार होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधल्या पेरापासून नव्हतं. टोकं गुळगुळीत, लालसर, ताणलेल्या कातड्याची.

"घट्ट धर वयनी," तानुबाई म्हणाली. "दुखत नाही आता."

कौशल्याबाईंनी पकड घट्ट केली. त्यांनी काचेच्या तुकड्यावर रंगाचा ठिपका ठेवला आणि तो हाताशेजारी धरून पाहू लागल्या.

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचे यजमान रंगराव यांचा फोटो स्टुडिओ होता. फोटो काढायचे रंगरावांनी आणि रंगवायचे कौशल्याबाईंनी, असं गेली वीस वर्षं चाललं होतं. काडीला कापूस गुंडाळून त्या काळ्यापांढऱ्या फोटोत तेलाचे रंग भरत. गालाला गुलाबी, ओठाला लाल, लुगड्याला गिऱ्हाईक सांगेल तो. लग्नाच्या मुलीचा फोटो आला की आई हळूच म्हणायची, "जराशी उजळ करजा व माय." त्या करत. नांदुऱ्याची एकही मुलगी कौशल्याबाईंच्या हातून सावळी बाहेर पडली नाही, असं रंगराव गमतीनं म्हणत.

तानुबाई शेतकऱ्यांच्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. विधवा, एकटी. वसतिगृहाच्या मागची खोली तिला कामाबरोबर मिळालेली; काम गेलं की खोलीही जाणार. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद असायचं म्हणून ती मलकापूरला एका जिनात कपाशीच्या कामाला गेली, आणि सरकी काढणाऱ्या यंत्राच्या रोलरमध्ये तिची दोन बोटं गेली. परत आली तोवर गावात वेगळीच गोष्ट तयार होती. बोटं आधीच बधिर झाली असतील, म्हणून तर यंत्रात गेलेली कळली नाहीत. बधिर म्हणजे महारोग. महारोग नसल्याची डॉक्टरची चिठ्ठी तिनं चार जणांना दाखवली. बहुतेकांना ती वाचायचीच नव्हती. काही बापांनी मुलं घरी नेली. वसतिगृह चालवणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष उत्तमराव मनानं वाईट नव्हते. ते म्हणाले, "बाई, पोट्टे जेवाले बसले का वाढणाऱ्याच्या हाताकडंच पाह्यतात. हात नजरेले खुपला नाही, त मी सांभाळून घेतो. सोमवारी येतो. तथीच जेवतो."

मुंबईच्या एका दवाखान्यात तिला दोन बोटं करून मिळाली होती, सिलिकॉनची. रबरासारखी मऊ, खुंटावर मोज्यासारखी चढवायची. नखं, पेरांवरच्या रेषा, सगळं हुबेहूब. फक्त रंग गुलाबी. तिथल्या कारागिराकडे तेवढा एकच रंग होता. तो भला माणूस. त्यानं प्लास्टरचे साचे, उरलेला सिलिकॉनचा डबा आणि ते घट्ट करायच्या औषधाची बाटली तिच्या पिशवीत घातली. सांगितलं, तुमच्या गावात रंगाचा जाणकार असेल तर त्याच्याकडून करून घ्या. रंग ओल्यातच मिसळायचा. वरून लावलेला टिकत नाही. औषध घातलं की अर्ध्या तासात साचा भरायचा. आणि कातड्याखाली रक्त आहे असं वाटायला लाल रेशमाचे धागे बारीक कातरून टाकायचे.

डब्यात दोन वेळचाच माल होता.

गुरुवारी पहिला घाणा झाला. पिवळा, विटकरी, थेंबभर निळा; स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या काठातलं लाल रेशीम कातरून. साचे उघडले, बोटं चढवली. तानुबाईनं हात उलटासुलटा केला.

"वयनी, हे बोटं त दाखवाले बसवलेल्या पोरीचे आहेत."

रंगराव दारातून हसले. कौशल्याबाईंना हसू आलं नाही. वीस वर्षांची सवय. हातानं न विचारताच एक छटा उजळ केली होती. आता एकच घाणा उरला होता. शुक्रवार-शनिवार त्या काचेवर नुसते ठिपके घालत बसल्या. शनिवारी संध्याकाळी खिडकीशी एक ठिपका असा जुळला, की हातावर ठेवला तर दिसेना. त्यांनी रंगांचं प्रमाण कागदावर लिहून घेतलं. "उद्या सकाळी तुह्याच खोलीवर येतो," त्या म्हणाल्या. "तथी पूर्वेचा उजेड आहे."

रविवारी त्या पोहोचल्या तेव्हा तानुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. कौशल्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. काल खिडकीशी पाहिलेला हात हा नव्हे. जाळानं तो तांबूस, गडद झाला होता. बोटांच्या सांध्यांवर जवळजवळ जांभळा. कालच्या प्रमाणाची बोटं या हातावर मेल्यासारखी दिसली असती. आणि उत्तमराव हा हात पाहणार कुठे? चुलीपुढे, वाढताना.

"तानुबाई, थांबू नको. थापत राह्य."

"पीठ सरलं व."

"आणखी घे."

त्या चुलीशेजारी पाटावर बसल्या. कागद चुलीत टाकला. नव्यानं रंग घालायला सुरुवात केली. धूर डोळ्यांत जात होता. विटकरी वाढवला, कमी पडला. पुन्हा वाढवला. तानुबाईचा हात निवला की त्या म्हणत, "आणखी एक," आणि ती आणखी एक भाकरी टाके. टोपलीत अकरा भाकरी झाल्या.

"एवढ्या कोन खाईन? वयनी, एक घे. गरम आहे."

"हाताले रंग आहे माह्या."

तानुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग तव्याकडे पाहतच म्हणाली, "संक्रांतीले तीळगूळ देला तवा नव्हता रंग."

कौशल्याबाईंच्या हातातली काडी थांबली. त्या दिवशी तीळगूळ घेऊन त्यांनी 'ठेवतो नंतर' म्हटलं होतं आणि मागच्या दारी गाईच्या पुढ्यात टाकला होता. चिठ्ठी तर त्यांनी वाचली होती, रंगरावांना वाचूनही दाखवली होती. तरीही टाकला होता.

"पाह्यलं होतं तू?"

"मी त चप्पल घालून राह्यली होती. दार उघडंच होतं." तिनं भाकरी जाळावर उभी केली. "औषध टाक. रंग जुळला."

जुळला होता. कौशल्याबाईंनी औषध टाकलं. आता अर्धा तास. साच्याचं तोंड बोटाच्या टोकाएवढं. शेवटचा थेंब घालेतो डब्यातलं चिकटायला लागलं. साचे कोपऱ्यात घट्ट व्हायला ठेवून दिले. निघताना तानुबाईनं विचारलं, "उद्या येशीन?" कौशल्याबाई 'हो' म्हणाल्या.

सोमवारी माघाची थंडी होती. उत्तमराव दहाला यायचे ते साडेआठलाच आले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चूल पेटायची होती. तानुबाईनं नुकतंच गार पाण्यानं हात धुऊन बोटं चढवली होती. कौशल्याबाईंनी पाहिलं. गारठ्यानं हात राखाडी पडला होता, आणि त्यावर ती दोन बोटं शेजारणीकडून उसनी आणल्यासारखी लाल.

"हं, दाखव बाई," उत्तमराव म्हणाले.

तानुबाईनं हात पदराखाली घेतला.

"चूल त पेटू द्या भाऊ," कौशल्याबाई बोलून गेल्या. आवाज त्यांना स्वतःलाच मोठा वाटला. "स्वयंपाकणीचा हात कोरा काऊन पाह्यता? बसा, भाकर खा, मंग पाहा."

उत्तमराव त्यांच्याकडे जरा रोखून पाहत बसले. लाकडं दंवानं ओली होती. तानुबाई फुंकत राहिली, नुसता धूर. कौशल्याबाईंनी भिंतीच्या खिळ्याला अडकवलेले जुने कागद ओढले आणि चुलीत सारले. एकदाची चूल धडाडली. तानुबाईनं दोन्ही हात परातीत घातले. पिठानं सगळी बोटं सारखीच झाली. पहिली भाकरी थापली, दुसरी थापली. तिसरीला पाण्याचा हात फिरवताना पीठ निघून गेलं आणि कौशल्याबाईंनी श्वास रोखून पाहिलं. हात तापला होता. कुठे हात संपतो आणि कुठे बोट सुरू होतं, हे त्यांना, ते बोट करणाऱ्या बाईला, सांगता आलं नसतं.

त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव हाताकडे पाहतच नव्हते. ते कौशल्याबाईंकडे पाहत होते.

तानुबाईनं ताट वाढलं. भाकरी, ठेचा, पिठलं. उत्तमरावांनी ताटाला हात लावला नाही.

"तुमी घ्या न वयनी आधी," ते म्हणाले. "तुमच्या घरचे पापड हेच बाई लाटत होती म्हणे पह्यले. यंदा नाही बलावलं."

गावात काही लपत नाही. कौशल्याबाईंना वाटलं, आपण इतके दिवस रंग जुळवत होतो, आणि हा माणूस पहिल्यापासून दुसरंच काही जुळवून पाहत होता. तानुबाई चुलीपुढे तशीच बसली होती, हातात चौथ्या भाकरीचा गोळा. तो थापायचं ती विसरली होती.

कौशल्याबाईंनी ताट आपल्याकडे ओढलं. भाकरी मोडली. वाफेनं बोटं पोळली. ठेचा लावून त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा घेतला. मग तिसराही घेतला.

"कशी आहे?" तानुबाईनं विचारलं. आवाज कोरडा होता.

"एका बाजूनं कच्ची राह्यली."

"तूच घाई केली चुलीची!"

उत्तमराव मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मले शेकलेली दे. तिखट जास्त." तानुबाई गोळा थापू लागली. दोन्ही हातांनी, नेहमीपेक्षा जोरात.

तिचं काम राहिलं. कमिटीचे आणखी दोघं येऊन जेवून गेले. पोरं हळूहळू परतली. त्यांना बोटांपेक्षा भाकरीच्या आकाराची काळजी जास्त होती. पुढच्या हिवाळ्यात मुंबईच्या त्या कारागिराला पत्र टाकून कौशल्याबाईंनी आणखी माल मागवला आणि गार हाताच्या रंगाची दुसरी जोडी केली. तानुबाईनं ती तंबाखूच्या डबीत ठेवली आणि बहुतेक वेळा तिथेच राहू दिली.

"वापरत काऊन नाही?" कौशल्याबाईंनी एकदा विचारलं. तेव्हा त्यांच्याच ओसरीवर पापडांचं पीठ कुटून झालं होतं आणि तानुबाई उघड्या खुंटांनी लाटी वळत होती.

"लाटीले चिकटतात," ती म्हणाली. "सरक जराशी. सावली येऊन राह्यली तुही."