शून्य दिवसांची खुशाली

मी गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला फाट्यावर तीनशे माणसं जमली होती. बरं, तीस. खरं सांगायचं तर अकरा, आणि त्यातली चार तिथं रोजच चहाला येत. पण ही गोष्ट मी नवी मुंबईत पंचवीस वर्षं सांगतोय, तेव्हा गर्दी वाढणारच. एसटी लागली तशी आईनं भाकरीचं गाठोडं माझ्या पिशवीत कोंबलं, खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोचल्यावर कळीव. आन तिकडं काय बी असूंदे, फोनवर बरं हाय म्हनायचं. मला हितं चार मानसांत बसायचं असतंय."

एवढी एक आज्ञा मी आयुष्यभर पाळली. रबाळ्याच्या एका कंपनीत तेलाच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या मशीनवर लागलो आणि गावाला सांगितलं की मी रजा घेतली तर निम्म्या देशातलं तेल सांडेल. घणसोलीत चाळीवजा खोली घेतली आणि सांगितलं की खाडीवरचे फ्लेमिंगो खिडकीत येतात, त्यातल्या एकाला तर ग्लुकोजची बिस्किटंच लागतात. पुढे मोबाइल आले. धाकटा भाऊ दर रविवारी सकाळी ओसरीवर फोन स्पीकरवर ठेवायचा आणि आळी गोळा व्हायची. गावाकडच्या मंडळींनो, तुम्हीच होता ते. तुमचं हसू ऐकू आलं की माझा पुढचा आठवडा निघायचा. आणि माझ्यासारखे जे जे गाव सोडून इकडं आलात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याही खिडकीत कुठला ना कुठला पक्षी येतच असेल.

साखर मला दहा वर्षांपासून आहे. गोळ्या होत्या, मग इन्सुलिन आलं. त्यानंतर सेफ्टी शूजनं डाव्या पायाला जखम केली आणि तिचं निमित्त होऊन दोन बोटं गेली. कंपनीनं हार घातला, नारळ दिला आणि घरी बसवलं. गावाला मी सांगितलं की दोन बोटं कमी झाल्यानं चाल हलकी झालीय.

इथवरची गोष्ट रंगवता येते. पुढची येत नाही, कारण पुढे काही घडलंच नाही. सकाळ व्हायची, मी भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो. शोभा, माझी बायको, चहा ठेवून कामाला जायची आणि आली की तो साय धरलेला चहा उचलायची. टीव्ही लावायचा म्हटलं तरी रिमोट पाच किलोचा वाटायचा. ही अतिशयोक्ती नाही. फक्त रविवारी दहा मिनिटं मी उठून बसायचो, घसा खाकरायचो, फोनवर धमाल करायचो आणि परत आडवा. ती दहा मिनिटं मला आठवडाभर दमवायची.

त्याच सुमारास आमच्या हॉस्पिटलात, साखरेच्या ओपीडीतच, एक अभ्यास सुरू झाला. बरेच दिवस साखर असलेल्या माणसाला पुष्कळदा उदासीही धरते. मग तो औषध टाळतो, साखर चढते, साखर चढली की आणखी खचतो. तर अशा माणसाला साखरेबरोबर उदासीचाही उपचार एकाच जागी दिला तर दोन्ही सुधारतं का, हे त्यांना तपासायचं होतं. कोण कुठल्या गटात जाणार ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. त्याआधी प्रत्येकाला नऊ प्रश्न.

प्रश्न विचारायला दीपाली होती. हिंगोलीकडची, तळवलीत दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी, आवाज इतका हळू की मलाच पुढं वाकावं लागायचं. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस कशातच रस वाटला नाही? मी म्हटलं, शून्य दिवस, आणि वर फ्लेमिंगोची गोष्ट. किती दिवस झोप लागली नाही? शून्य, आणि सोबत नाइट शिफ्टला मशीनवर उभ्यानं झोपून दोन हजार झाकणं काढल्याचा किस्सा. बाकावरचे पेशंट हसायला लागले. ती मात्र दर वेळी पेन वर धरून थांबायची आणि विचारायची, "काका, गोष्ट छान आहे. पण किती दिवस?"

नऊ प्रश्न, नऊ शून्यं. ती म्हणाली, तुम्ही या अभ्यासात बसत नाही, तुम्हाला उदासी नाही. मी रविवारी गावाला कळवलं की मोठ्या हॉस्पिटलानं माझी परीक्षा घेतली आणि शून्य मार्क काढून पहिला आलेला मी एकटाच. टाळ्या ऐकू आल्या. माझी चूक काय झाली ते आता कळतंय. माणसानं आपली विचारपूस केली की खुशालीच सांगायची, ही आमच्याकडची रीत. दवाखान्याचा फॉर्मही मी खुशालीसारखाच भरला.

साखरेला मात्र ही रीत ठाऊक नव्हती. पुढच्या तपासणीत ती इतकी चढलेली निघाली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. राहिलेल्या बोटांशी नवी जखम होती. ते म्हणाले, असंच चाललं तर पाऊल वाचवणं कठीण आहे. मी ऐकलं. गेलं तर जाऊ दे, एवढंच मनात आलं. त्या विचाराची भीतीही वाटली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर शोभानं फ्रिज आवरायला काढला. भाजीच्या ट्रेमध्ये, आल्याच्या पुडीमागं, इन्सुलिनची तीन पेनं होती, सीलही न फोडलेली. मी रोज टोचतोय असं तिला सांगत होतो. ती ओरडेल म्हणून मी तयार होऊन बसलो होतो. ती ओरडली नाही. पेनं ओट्यावर ओळीनं मांडली आणि त्यांच्याकडं बघत उभी राहिली.

पुढच्या ड्रेसिंगला ती कामावर न जाता माझ्याबरोबर आली आणि सरळ दीपालीच्या टेबलाशी गेली. "मॅडम, ह्यांना परत विचारा. मी बाहेर बसते. आणि गोष्ट सांगायला लागले की थांबवा."

दीपालीनं वरच्यांना विचारलं. काही आठवडे मध्ये गेलेले होते, त्यामुळे पुन्हा विचारायला हरकत नव्हती. तिनं दार लोटलं. फॉर्म काढला, पण लगेच सुरू केला नाही. म्हणाली, "काका, मी पण आईला रोज जेवले म्हणून सांगते. ते घरच्यांसाठी ठीक आहे. हा कागद घरी जात नाही."

पहिल्या प्रश्नाला मी तोंड उघडलं आणि फ्लेमिंगो आलाच नाही. कुठलीच गोष्ट आली नाही. मी नुसते दिवस सांगत गेलो. ती लिहीत गेली. शेवटचा प्रश्न होता, यापेक्षा मेलेलं बरं, असं किती दिवस वाटलं. उत्तरं तिनंच वाचून दाखवली: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.

"जवळजवळ नाही," मी म्हटलं. "रोज."

आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा न फुगवता सांगितला आणि तो सगळ्यात मोठा निघाला.

तिनं पेन ठेवलं. मला एकट्याला सोडून ती हलली नाही, फोन करून डॉक्टरांना तिथंच बोलावलं. मला विचारून शोभाला आत घेतलं. मनाचे डॉक्टर त्याच दुपारी बघायला तयार झाले. गंमत अशी की मी अभ्यासात तरीही बसलो नाही. खोटं बोललो तेव्हा फारच बरा होतो, खरं बोललो तेव्हा फारच आजारी. दीपाली म्हणाली, तुमच्यासारख्याला चिठ्ठी टाकून वाट बघायला लावता येत नाही, तुमचे उपचार आजपासून. म्हणजे तिचा एक माणूस कमी झाला आणि तिला त्याचं बरं वाटत होतं.

आता इथं चमत्कार सांगायचा मला फार मोह होतोय. पाम बीच रोडवर धावलो, असं ठोकून द्यावं. तसं काही झालं नाही. गोळ्यांनी आधी तोंड कोरडं पडलं, सहा आठवडे काही फरक नाही, मग एका सकाळी चहा गरम असतानाच संपला. समुपदेशक बाईंनी रोज एक लहान काम नेमून दिलं: गेटपर्यंत जाणं, एकाला फोन करणं. इन्सुलिन शोभासमोर. पाऊल अजून आहे. साखर उतरलीय, पण शहाण्यासारखी वागते असं नाही. दमायला होतं. अजूनही काही सकाळी भिंतच बरी वाटते, फक्त आता मी ते कुणालातरी सांगतो.

आईला सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी भावाला म्हटलं, स्पीकर बंद कर आणि फोन आईच्या कानाला लाव. मंडळी, त्या दिवशी फोन लवकर का संपला असं तुम्ही विचारत होता. तो संपला नव्हता. आई फोन घेऊन आत माजघरात गेली होती आणि मी तिच्याशी बोलत होतो. सगळं सांगितलं. भिंत, पेनं, रोज.

मग आई म्हणाली, "तुजं आप्पा गेलं तवा दोन म्हयनं मला उठवत नव्हतं बग. धाकटी सून ताट वाडायची, मी कोंबड्यास्नी घालायची. तुला सांगितलं, बरी हाय."

त्या दोन महिन्यांतल्या रविवारी मी तिला हसवायला झाकणांच्या गोष्टी सांगत होतो आणि ती माझ्यासाठी हसत होती.

लोक मला विचारतात, घर कुठलं, साताऱ्याकडचं का घणसोलीचं. पूर्वी मी दोन्हींचं वर्णन करायचो, दोन्हींना एकेक मजला चढवून. आता एवढंच म्हणतो की जिथं मला गमतीदार असावं लागत नाही, ते घर. तसं सध्या शोभापाशी आहे, आणि रविवारी फोनच्या पलीकडे आहे. त्या दिवशी फोनवर त्यानंतर आई आणि मी दोघंही काही बोललो नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता, तिला माझा येत असावा. भाऊ दोनदा आत डोकावून गेला म्हणे. तिनं फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.