वाळवी न लागणारं घर

"मॅडम, हे पेशंट," असं म्हणून रुखसानाबाजींनी टेबलावर एक लाकडी पेटी ठेवली. वर काचेचं झाकण होतं. मी वाकून आत पाहिलं आणि दचकून मागं सरले. आत मुंगळे होते, काळे, मोठे. निम्मे उताणे पडले होते.

छावणीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. कुत्री, मांजरं, शेळ्या, दौलताबादकडच्या म्हशी, सगळं बघते. मुंगळे कधी आले नव्हते. माझा कंपाउंडर नामदेव पेटीत डोकावला. "मॅडम, ह्यांना इंजेक्शन कुठं द्यायचं?"

मला हसू आलं होतं, पण बाजींकडं बघून ते ओसरलं. त्या रडून आल्या होत्या.

बाजी रिटायर्ड गणिताच्या शिक्षिका. त्यांची मांजर माझ्याकडंच यायची. ती गेल्यावर त्यांना अंगणात एक राणी सापडली. राणी म्हणजे वसाहतीत अंडी घालणारी एकटीच. ती गेली की नवी मुंगी जन्मत नाही. काचेच्या नळीत ओला कापूस घालून बाजींनी तिला ठेवलं, साखरपाणी दिलं, मेलेल्या माश्या दिल्या. दोन वर्षांत नळी अपुरी पडली. मग त्यांचे मिस्टर करीमभाई, जे फर्निचरचं काम करतात, त्यांनी ही पेटी बनवली. आत कोरलेल्या खोल्या, कोपऱ्यात ओल धरायला स्पंज. देखणं काम होतं.

"मागच्या आठवड्यात ह्यात सोडलं," बाजी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून झोकांड्या खायला लागल्या. मग पाठीवर पडतात, पाय झाडतात."

कुत्र्याची अशी लक्षणं सांगितली असती तर मी लगेच विषबाधा म्हटलं असतं.

"फिनेल? मुंग्यांचा खडू? मच्छर अगरबत्ती?"

"घरात काहीच नाही. मुंग्यांसाठी सगळं बंद केलंय."

"खाणं बदललं?"

"नाही."

"पेटी कशाची आहे?"

करीमभाई दारात उभे होते. ते एकदम पुढं आले. "मॅडम, ए-वन प्लाय है. किचनच्या कामातून उरलेला तुकडा. पंचवीस साल वाळवी नाय लागणार, गॅरंटी."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"करीमभाई, वाळवी का लागत नाही?"

"कंपनीवाले दवा मारतात ना, उसके अंदर..."

वाक्य तिथंच थांबलं. ते बाकावर बसले. वाळवीला मारणारं औषध मुंगीला सोडत नाही. त्यात स्पंजच्या ओलीनं ते पाझरत होतं. "या अल्लाह," करीमभाई पुटपुटले, "मैंनेच मारा."

ह्यावर उतारा माझ्याकडं नव्हता. त्यांना तिथून बाहेर काढणं, एवढंच हातात होतं. पण न्यायचं कुठं?

नामदेवनं प्लॅस्टिकचा डबा आणला. शेजारच्या दुकानात छताचं काम चालू होतं, तिथून पीओपी मागून आणलं. करीमभाईंनी डब्याच्या तळाशी मातीचे गोळे बसवले, मधे मातीच्याच वळ्या ठेवल्या आणि वरून पीओपी ओतलं. ते घट्ट झाल्यावर ठोकळा काढून उलटा केला, माती खरवडली. गोळ्यांच्या जागी खोल्या, वळ्यांच्या जागी रस्ते. वर काचेचा तुकडा. काम नेटकं झालं. दुपारभर ते उन्हात ठेवलं.

मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप दोन्ही घरांना जोडला. नव्या घरावर काळं फडकं टाकलं, जुन्यावर टॉर्च धरला. मुंग्यांना राहायला अंधार लागतो. उजेड पडला की त्या जागा सोडतात.

बराच वेळ काही झालं नाही. मग एक मुंगी पाईपमधून पलीकडं गेली, परत आली, तिनं दुसरीच्या मिशांना मिशा लावल्या. हळूहळू रांग लागली. जबड्यात पांढऱ्या अळ्या धरून त्या निघाल्या. ज्यांना चालता येत नव्हतं, त्यांना दुसऱ्या ओढत होत्या.

"लई शहाणं हाय हे," नामदेव म्हणाला.

शेवटी आतल्या खोलीतून चार-पाच जणी राणीला घेऊन आल्या. बाजींनी माझा दंड घट्ट धरला. "आली! मॅडम, राणी आली!" करीमभाईंनी दुआ मागून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

मी भिंग घेतलं. राणीचे पाय पोटाशी दुमडलेले होते. मिशा हलत नव्हत्या. मी पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा. कुत्रा गेल्याचं मी अनेकदा सांगितलंय. मुंगी गेल्याचं पहिल्यांदाच सांगत होते.

"बाजी, ती गेलीय. कदाचित कालच."

"मग ह्या तिला चाटतायत कशाला?"

"तिचा वास अजून आहे. ह्यांना कळलेलं नाही."

बाजी खुर्चीत बसल्या. काचेखाली त्या कामकरी मुंग्या मेलेल्या राणीच्या तोंडाला तोंड लावून तिला भरवायला बघत होत्या. नामदेव बाहेर निघून गेला.

उरलेल्या मुंग्या पीओपीच्या घरात काही महिने जगल्या, रोज थोड्या कमी होत. साखरपाणी करीमभाईच घालायचे. बाजी त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत, असं त्यांनीच मला सांगितलं. सांगताना मान खाली होती.

आता पेशंट कुत्रा असो की कोंबडी, काय खातं ह्याच्या आधी मी विचारते, ते झोपतं ती जागा कशाची केलीय. लोक वैतागतात. तरी मी विचारते.